देवाची पोटतिडीक

"ख्रिश्चनांच्या देवाचं काही कळत नाही यार. अर्ध्या पुस्तकात शहरं जाळतो आणि अर्ध्या पुस्तकात दुसरा गाल पुढे करायला सांगतो."

हे वाक्य थोड्याफार फरकाने ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी बऱ्याचदा ऐकलंय. बोलणारा हुशार असतो, चार पुस्तकं वाचलेला असतो. आणि लगेच कोणीतरी आमच्या धंद्यातलं उत्तर देतो, "अरे, जुना करार म्हणजे वर्जन १.०. नव्या करारात रागाचा बग फिक्स केला." सगळे हसतात, चहा संपतो, विषय संपतो.

माझ्या मते विषय तिथे सुरू होतो. कारण हे उत्तर चूक आहे, आणि ते ज्या सवयीतून येतं ती सवय फक्त ख्रिश्चनांच्या देवाबद्दल नाही, आपल्या देवाबद्दलही तितकीच घातक आहे. म्हणून आजचा शनिवार या भांडणाला.

आधीच सांगतो, मी ख्रिस्ती नाही. गाव साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. घरात तुळशीची माळ, नामदेवांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यात. कुणाला धर्म बदलायला लावायचा नाही, कुणाचा बदललेला धर्म परत आणायचा नाही. पण एखादं पुस्तक नाकारायचं तरी ते उघडून नाकारावं, एवढा हट्ट आहे.

वर्जन २.० ची गोष्ट

बग फिक्स झाला म्हणता? मग नवीन वर्जन उघडून बघा. जुन्या करारात नरक जवळजवळ नाहीच. मेलेली माणसं 'शिओल' नावाच्या एका अंधाऱ्या जागी जातात, बरी-वाईट सगळी एकत्र. ज्याला आपण नरक म्हणतो तो 'गेहेन्ना' हा शब्द नव्या करारात बारा वेळा येतो, आणि त्यातले अकरा वेळा तो येशूच्या तोंडी आहे. दुसरा गाल पुढे करायला सांगणारा तोच, आणि देवळातल्या सराफांचे चौरंग उलथवणाराही तोच.

उलट बाजूही बघा. बापाच्या मायेचं सगळ्यात हळवं चित्र जुन्या करारात, होशेयाच्या अकराव्या अध्यायात आहे. देव म्हणतो, याला मी चालायला शिकवलं, आणि हा मला विसरला. शिक्षा ठरलेली आहे, कारणं सगळी आहेत, आणि ऐन वेळी त्याचंच काळीज उलटतं. मी याला सोडून कसा देऊ, असं तो स्वतःलाच विचारतो. आणि न सोडण्याचं कारण काय देतो? मी माणूस नाही, देव आहे. म्हणजे राग गिळता येणं हे त्याच्या लेखी देवपणाचं लक्षण.

तेव्हा जुना रागीट आणि नवा प्रेमळ ही वाटणी पुस्तकात बसत नाही. ती नवीही नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मार्शियन नावाचा एक श्रीमंत जहाजमालक काळ्या समुद्राकाठच्या सिनोपेहून रोमला आला. त्याने हाच सिद्धांत मांडला. जग बनवणारा देव वेगळा, तो न्यायी पण कठोर. येशूचा बाप वेगळा, तो निव्वळ प्रेम. मग त्याने अख्खा जुना करार काढून टाकला आणि नव्यातलं फक्त छाटलेलं लूकचं शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रं ठेवली. जे जुळत नाही ते डिलीट. इसवी सन १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. कॅन्टीनमधला जोक अठराशे ऐंशी वर्षं जुना आहे मंडळी, आणि चर्चने तो तेव्हाच नाकारलाय.

नाक आणि पोट

आता आपल्या भाषेची गंमत. आपण मराठीत बायबल वाचतो तेव्हा 'देवाचा क्रोध' असे शब्द येतात आणि तिथेच आपलं डोकं अडतं. का? कारण आपल्याकडे क्रोध हा षड्रिपूंपैकी एक. काम, क्रोध, लोभ... म्हणजे तो जिंकायचा शत्रू. देवाला क्रोध आला म्हटलं की आपल्या कानाला तो देव साधकापेक्षाही खालच्या पायरीवर आला असं वाटतं. दुसरा शब्द 'कोप'. तो तर आपण नदीला, रोगाला, ग्रहालाच लावतो. कोपाला कारण लागत नाही, तो फक्त होतो आणि मग शांत करावा लागतो.

मूळ हिब्रूत रागासाठी जो शब्द वारंवार येतो, 'अफ', त्याचा साधा अर्थ आहे नाक! आणि देव लवकर रागावत नाही हे सांगायला हिब्रू म्हणते, त्याचं नाक लांब आहे. ज्या भाषेत राग नाकाच्या शेंड्यावर असतो, त्या भाषेच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये :) आपला तापट माणूस म्हणजे शेंडा जवळ असलेला. हा देव असा, की राग शेंड्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. मराठी बायबलात यासाठी 'मंदक्रोध' असा छान शब्द आहे.

आणि दयेसाठी शब्द आहे 'रहमीम'. त्याचं नातं 'रेहेम'शी, म्हणजे गर्भाशयाशी. दया म्हणजे पोटातून येणारी गोष्ट.

नाकातला राग आणि पोटातली माया, दोन्ही एकाच देहात. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात देव मोशेला स्वतःची ओळख सांगतो तिथे हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. आता मला सांगा, आपल्याकडे या दोघांना जोडणारा शब्द नाही का? आहे की. पोटतिडीक. पोट आहे आणि तिडीकही आहे. एखादी बाई पोटतिडकीने बोलते तेव्हा ती चिडलेली असते की तिला माया असते? प्रश्नच चुकीचा आहे. माया आहे म्हणून तिडीक आहे. परक्याच्या पोराने परीक्षा बुडवली तर आपल्याला काही वाटत नाही.

इथे एक फरक मात्र नीट धरून ठेवायला हवा, नाहीतर पोरांना बदडणारा प्रत्येक बाप 'मी प्रेमानेच मारतो' म्हणून या लेखाचा आधार घेईल. योहानाच्या पहिल्या पत्रात देव प्रीती आहे असं म्हटलंय. देव क्रोध आहे असं अख्ख्या पुस्तकात कुठेही म्हटलेलं नाही. प्रीती हा स्वभाव, राग ही त्या स्वभावाची एका विशिष्ट गोष्टीला दिलेली प्रतिक्रिया. प्रीतीला कारण लागत नाही, रागाला लागतं. कारण संपलं की राग संपायला हवा. न संपणारा राग म्हणजे स्वभावच रागीट, आणि मग प्रीतीचं नाव घेऊ नये.

राग कोणावर?

पोटतिडीक खरी की खोटी हे कसं ओळखायचं? माझी कसोटी सोपी आहे. राग कोणाच्या बाजूने आहे ते बघा.

आमोस हा इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला, तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगराणी करणारा. त्याच्या पुस्तकात देव प्रचंड चिडलेला आहे. कोणावर? गरिबाला एका जोड्याच्या किमतीला विकणाऱ्यावर. माप लहान करून आणि वजन वाढवून धान्य विकणाऱ्यावर, सण कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो याची वाट बघणाऱ्यावर. मोंढ्यात सोयाबीन घालायला गेलेल्या आणि काटा मारलेला डोळ्यांनी बघूनही गप्प बसलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हा देव भयंकर वाटणार नाही. त्याला वाटेल, चला, कुणीतरी बघतंय.

येशूचंही तेच. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात तो रागाने सभोवार बघतो असं स्पष्ट लिहिलंय. प्रसंग कोणता? वाळलेल्या हाताच्या एका माणसाला शब्बाथाच्या दिवशी बरं करावं की नाही, यावर धर्माचे जाणकार तोंड मिटून बसलेत. आणि त्याच वाक्यात पुढे आहे की त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे त्याला दुःख झालं. राग आणि दुःख, एका दमात.

आता आपल्याकडे या. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी, भंडारा जिल्हा. एका दलित कुटुंबातली चार माणसं गावाने मारली. त्या बातमीनंतर मला कुणी सांगितलं, की देव कधीच रागावत नाही, तो नुसती शांत पांढरी ऊर्जा आहे, तर मी म्हणेन ठेव तो देव तुझ्याकडे. ज्याला खैरलांजीचा राग येत नाही त्याचं त्या चौघांवर प्रेम होतं हे कशावरून मानायचं?

मिरोस्लाव्ह व्होल्फ नावाचा एक ईश्वरशास्त्रज्ञ आहे, मूळचा क्रोएशियाचा. देवाला राग शोभत नाही असं त्यालाही आधी वाटायचं. मग १९९० च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला, त्याच्या लोकांची गावं जळली, आणि त्याने मत बदललं. तो म्हणतो, न रागावणाऱ्या देवाची कल्पना शांत उपनगरातल्या घरात बसूनच सुचते. मी हे बाणेरच्या अकराव्या मजल्यावर वाचत होतो. बोचलं.

आपल्या पिढीचा देव हा असाच उपनगरी देव आहे. वीकेंडचा कोर्स, डोळे मिटून श्वास, सकारात्मक राहा, निगेटिव्ह बोलू नका. या देवाला नोकरकपात चालते, घरकामाच्या मावशींची वेगळी लिफ्ट चालते, सगळं चालतं. तो प्रेमळ नाही हो, तो बेफिकीर आहे. आपल्या तुकोबांनी दयेची व्याख्या करताना जिवांचं पालन आणि काट्यांचा बंदोबस्त दोन्ही एकत्र बसवले होते. आपण दुसरा भाग गुपचूप गाळला. आपले मार्शियन आपणच.

आणि कोप झाला म्हणणारे

पण दुसऱ्या बाजूचं टोळकं याहून वाईट. जे जिथे संकट दिसेल तिथे देवाचा राग चिकटवतात.

हिंगोली जिल्ह्यात २०२४ मध्ये दोनदा जमीन चांगली हलली, २१ मार्चला आणि १० जुलैला. दोन्ही धक्के ४.५ च्या आसपास. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे तर जमिनीतून येणाऱ्या आवाजांसाठी आधीपासून बातम्यांमध्ये आहे. जुलैच्या धक्क्यानंतर तासाभरात भावकीच्या ग्रुपवर मेसेज फिरला, देवाधर्माचं कुणी करत नाही म्हणून कोप झाला. पाठवणारा पुण्यात, आर.सी.सी. बिल्डिंगमध्ये. कोप कुणावर, तर गावाकडे मातीच्या भिंतीत राहणाऱ्यांवर!

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला काय झालं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला साधारण ६.२ चा भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेत गेली. तेव्हाही कोपाच्या गोष्टी झाल्याच. माणसं मेली ती दगडमातीच्या रुंद, सांधा नसलेल्या भिंतींखाली आणि माळवदाच्या जड मातीखाली. हे इंजिनियर लोकांनी लिहून ठेवलंय. त्याच तीव्रतेचा भूकंप चांगल्या बांधलेल्या गावात इतकी माणसं मारत नाही.

मोठी माणसंही इथे घसरली आहेत. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं. हेतू उत्तम, अस्पृश्यतेविरुद्धचा राग अगदी योग्य. पण रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला, आणि गांधीजींनी तो आपल्याच 'हरिजन'मध्ये छापला. रवींद्रनाथांचं म्हणणं साधं होतं, निसर्गातल्या घटनांची कारणं निसर्गात शोधा. माझी कसोटी लावली तर त्यांची बाजू आणखी भक्कम होते. ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत अस्पृश्यही होतेच ना? ज्यांच्या बाजूने देव रागावला, त्यांच्याच अंगावर छप्पर पाडलं?

आणि गंमत म्हणजे हे कोपवादी ज्या बायबलाचे दाखले देतात, तेच त्यांच्या विरोधात आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. येशू विचारतो, ते काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. वर ऐकणाऱ्यांना बजावतो, तुम्ही तुमचं बघा. जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप याचं की आईबापाचं? पुन्हा उत्तर तेच, दोघांचंही नाही.

या कोपाच्या धंद्याची किंमत एका मराठी बाईने पुरेपूर मोजली होती. पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी देवांना प्रसन्न करण्यासाठी अनुष्ठानं केली, तीर्थं केली, जवळचं होतं नव्हतं ते दान केलं. १८७४ मध्ये आई-वडील दोघंही उपासमारीने गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. पुढे १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. आपल्याला काय भावलं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. लंडनजवळ फुलहॅमला, समाजाने टाकलेल्या बायकांना जवळ घेणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या, आणि मग योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचली. पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याशी विहिरीवर बसून बोलणारा येशू. तिथे कोप नव्हता.

पण याच रमाबाई मवाळ झाल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणल्या, केडगावला मुक्ती उभं केलं. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची जी विटंबना झाली, त्याबद्दल 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहून त्यांनी सरकारला धारेवर धरलं. राज्यकर्ते त्यांच्याच नव्या धर्माचे होते, तरीही. वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डीनशी सिद्धांतांवरून भांडल्या त्या वेगळ्याच. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये पूर्ण छापून आलं. पोटतिडीक कशी दिसते याचं उदाहरण हवं असेल तर हे घ्या.

जे जुळत नाही ते

आता मला सोपं जाऊ नये म्हणून अवघड प्रश्न. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात शौलाला हुकूम आहे, अमालेक्यांची बाया, तान्ही पोरं, गुरं, सगळी मारून टाक. ही पोटतिडीक?

नाही. आणि इथे 'तेव्हाचा काळ वेगळा होता' वगैरे मखलाशी मी करणार नाही. तान्ह्या पोराने काटा मारलेला नसतो. माझ्या कसोटीत हा हुकूम नापास होतो.

पण नापास करणारी कसोटी मला कुठे मिळाली? त्याच पुस्तकात. उत्पत्तीत अब्राहाम देवाशी अक्षरशः घासाघीस करतो, सदोमात पन्नास धार्मिक असले तर, पंचेचाळीस असले तर, असं करत दहावर आणतो. वाईटाबरोबर चांगल्याला मारणं तुला शोभतं का, असं तोंडावर विचारतो. निर्गमात बापाच्या पापाची शिक्षा नातवंडांपर्यंत जाते. यहेज्केल अठराव्या अध्यायात ठणकावतो, आंबट द्राक्षं आईबापांनी खायची आणि दात पोरांचे आंबायचे, हे इथून पुढे चालणार नाही. निनवे या शहरावर दोन पुस्तकं आहेत. नहूमाच्या पुस्तकात त्याच्या विनाशाचा जल्लोष आहे. योनाच्या पुस्तकात देव त्याच शहराला माफ करतो, आणि त्यामुळे संदेष्टाच रुसून बसतो. मग देव त्याला विचारतो, उजवा-डावा न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि इतकी गुरंढोरं, त्यांची मला कीव येऊ नये? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं.

हे एका सुरात बोलणारं पुस्तकच नाही. आत भांडण चालू आहे, आणि भांडणाचा कल कुठे आहे हे वाचणाऱ्याला दिसतं. त्यामुळे नहूमाला योनाने तपासायचं, शमुवेलाला यहेज्केलाने. आपणही मनुस्मृती आणि तुकोबा एकाच मापाने घेत नाही.

दुसरा प्रश्न अनंत नरकाचा. तो आपल्याच एका माणसाने फार आधी विचारलाय. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे, चित्पावन पंडित. जॉन म्यूरच्या 'मतपरीक्षे'ला उत्तर म्हणून त्यांनी १८४४-४५ मध्ये संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिलं. मर्यादित पापाला अमर्याद शिक्षा देणारा देव न्यायी कसा, त्यापेक्षा कर्माचा हिशोब बरा, हा त्या काळच्या त्यांच्या आक्षेपांचा रोख. १८४८ मध्ये तेच गोरे ख्रिस्ती झाले, आणि पुढे रमाबाईंच्या धर्मांतरातही त्यांच्या पत्रांचा वाटा होता. पण शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या. मला त्यांचा तो पहिला आक्षेप आजही बिनतोड वाटतो. कारण वर म्हटलं तेच, न संपणारा राग हा राग राहत नाही, तो स्वभाव होतो. स्तोत्रांत त्याचा राग क्षणभराचा आणि कृपा आयुष्यभराची म्हटलीय, त्याच्याशी अनंत नरक जुळवून दाखवा.

तिसरा प्रश्न क्रूसाचा. बाप भडकला होता, पोराचं रक्त सांडलं तेव्हा शांत झाला, असं काही प्रचारक सांगतात. मराठी कानाला हे कसं ऐकू येतं माहितीय? मरीआईला बोकड. गाव म्हणतं, आई कोपलीय, काहीतरी द्या. हे सांगणाऱ्यांना कळत नाही की त्यांनी मार्शियनला मागच्या दाराने आत घेतलं, रागीट बाप वेगळा आणि प्रेमळ मुलगा वेगळा. पौल असं म्हणतच नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तो म्हणतो, देवच ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता. रुसलेल्या देवाची समजूत माणसाने काढली, असं त्याच्या पत्रांत नाही. समेटाला पुढे आलेला देवच आहे, झळही त्यानेच सोसली. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला मराठी अभंगांतून आईच्या नात्याने हाक मारली, ती काही उगाच नाही. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणाऱ्या माणसाला बोकड मागणारा देव पटणं शक्यच नव्हतं.

थोडक्यात, राग काढून टाकलेला देव अन्याय झालेल्याच्या कामाचा नाही, आणि राग कुठेही चिकटवता येणारा देव फक्त अन्याय करणाऱ्याच्या कामाचा आहे. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं तिथे गेलेल्या गोरगरिबांना यातला फरक धर्मशास्त्र न वाचता कळला असेल. आपल्याला वाचूनही कळत नसेल तर दोष पुस्तकाचा नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी ग्रुपवर कोपाचा मेसेज आला तर तो पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्याला विचारा, कोणावर कोप, आणि त्याने कोणाचं काय घेतलं होतं? आणि साखरा असो की पांगरा शिंदे, गावी कुणी घर बांधत असेल तर त्याला फोन करा. दगडाच्या भिंतीत आडवे काँक्रीटचे पट्टे घाल म्हणावं, दोन्ही तोंडांना जोडणारे लांब दगड घाल म्हणावं, आणि डोक्यावर मातीचं ओझं ठेवू नको म्हणावं. खर्च जास्त होतोय म्हणाला तर थोडे पैसे पाठवा.